ललित बोलायला शिकला

मखमलाबादच्या मळ्यात वाढलेला ललित साहेबांसमोर उभा राहिला की त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. सिन्नरच्या एमआयडीसीत, विजेची बटणं बनवणाऱ्या कारखान्यात तो ऑपरेटर होता. काम चोख, पण बढतीच्या मुलाखतीतून दोनदा घाम पुसत बाहेर आलेला.

१९९६ साली त्यानं रविवार कारंजाजवळच्या फुटपाथवरून नोकरीत पुढं कसं जावं हे सांगणारं एक जुनं पुस्तक घेतलं. कारखान्यात अशी पुस्तकं बरेच जण वाचायचे आणि विसरून जायचे. ललितनं मात्र ठरवलं, एका प्रकरणातली एक तरी गोष्ट अंगवळणी पडल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही. माणसाला नावानं हाक मारायची, एवढं जमायलाच त्याला अख्खा पावसाळा लागला. चारचौघांत मोठ्यानं बोलायचं, हे तो पंचवटीच्या बाजारात शिकला. आई नवसाबाई तिथं शेवंती विकायची. सुट्टीच्या दिवशी हा शेजारी उभा राहून गिऱ्हाइकं बोलवायचा.

"आधी तोंड उघडत नव्हता," नवसाबाई हसायची, "आता लय गोड बोलाया लागला!"

दोन वर्षांत तो सुपरवायझर झाला. कामगारांची भांडणं तो ऐकून घ्यायचा, वर जाऊन त्यांच्यासाठी शब्द टाकायचा. माणसं त्याला मानायला लागली. त्याची बायको छाया पाहुण्यांना कौतुकानं ते पुस्तक काढून दाखवायची.

२००३ साली मॅनेजरनं त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"ऑर्डरी घटल्यात. अर्ध्या लोकांनी राजीनामे दिले तर उरलेला कारखाना वाचेल. माझं कोणी ऐकणार नाही, ललित. तुझं ऐकतील."

"नक्की वाचेल ना, साहेब?"

"शब्द देतो."

ललितनं तो शब्द खरा मानला. कँटीनमध्ये उभं राहून तो एकेकाचं नाव घेऊन बोलला. त्यांच्या मनातली भीती त्यानं आधी स्वतःच बोलून दाखवली, मग हळूहळू त्यांना राजीनाम्याकडे वळवत नेलं. पुस्तकात होतं अगदी तसं. मशिनवर वर्षानुवर्षं त्याच्या शेजारी उभा राहिलेला बुधा पहिला उठला. "तू म्हणतो ना? मग बास." त्यानं सही केली आणि मागोमाग निम्म्या लोकांनी केली.

दिवाळीनंतर गेटला कुलूप लागलं. मशिनं ट्रकमध्ये भरून दुसऱ्या राज्यात गेली. मॅनेजरचा फोन लागेना.

नोकरीसाठी ललितनं सातपूर, अंबडचे कारखाने पालथे घातले. मुलाखतीत तो छान बोलायचा. समोरचे मान डोलवायचे, चहा द्यायचे आणि डिप्लोमा झालेल्या पोराला घ्यायचे.

एके दिवशी न राहवून तो दिंडोरीला गेला. बुधा तिथं द्राक्षबागेत रोजानं फवारणी करत होता. ललितला पाहून त्यानं पाठीवरचा पंप उतरवला, पाणी दिलं, छायाची, पोरांची चौकशी केली.

"बुधा, मला खरंच ठाऊक नव्हतं रे."

"ठाऊक हाय मला." बुधा बांधावर टेकला. "पण तू त्या दिवशी येवढं चांगलं बोलला नसता, तर आम्ही समदे सह्या न करता गेटावर धरणं धरून बसलो असतो. हाती काय लागलं असतं, देव जाणे. पण बसलो असतो."

ललितनं पाण्याचा रिकामा तांब्या बांधावर ठेवला. बुधानं पंप पुन्हा पाठीवर घेतला आणि तो पुढच्या ओळीत शिरला.