हिरवी, पिवळी आणि काकांचा अंगठा

जुनाट जखमांचा पू तपासणाऱ्या लॅबमध्ये किश्शांना तोटा नसतो. जखम भरत नाही, पेशंट परत परत येतो आणि येताना काहीतरी नवीन घेऊन येतो. डहाणूतल्या आमच्या लॅबमध्ये मी सगळ्यांत जुनी. मग झाईहून निमिषा आली आणि डॉक्टर जंतू वाढवलेली प्रत्येक प्लेट तिलाच दाखवायला लागले. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू?

*

सरावलीचे वामनकाका, भाजीपाल्याची वाडी असलेले. शुगरमुळे पायाच्या अंगठ्याची जखम महिनोन्महिने ओली. सर्जननी सांगून टाकलेलं, सुधारली नाही तर अंगठा काढावा लागेल.

त्यांचा पू मी प्लेटवर लावला. दुसऱ्या दिवशी प्लेट हिरवीगार, गोडसर वास. जंतूंची नावं लांबलचक, म्हणून आम्ही याला नुसतं 'हिरवी' म्हणतो. मी रिपोर्ट दिला, एकटी हिरवी.

निमिषानं तोच पू खारट प्लेटवर लावला. मिठात हिरवी वाढत नाही. तिथे दुसराच जंतू उगवला, पिवळी!

"हिरवी असली की पिवळीला वर येऊ देत नाय, बेन," ती मला म्हणाली. मला! जिनं तिला प्लेट धरायला शिकवलं.

*

डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मग जखमेत दोघी एकत्र कशा राहतात?"

उत्तर मला येत होतं. विचारलं निमिषाला.

"पिवळी बारीक होऊन दडते, सर. मग तिला औषधही नीट लागू पडत नाय."

"शाब्बास!"

काकांचं औषध बदललं, आता दोघींवर. त्या दिवशी मी डबा एकटीनंच खाल्ला.

*

काका बाकावर तलासरीच्या एका पेशंटशेजारी बसले होते. त्याच्या जखमेत तीन जंतू निघालेले. काका तडक माझ्याकडे आले.

"त्याला तीन आणि मला दोनच? नीट बघ ना, पोरी."

जळणारी मी एकटीच नाही, एवढं बरं वाटलं.

*

परवा काका चालत आले. अंगठा जागेवर, जखम सुकलेली. वाडीतली ढोबळी मिरची आणली होती. पिवळ्यांची पिशवी निमिषाला, हिरव्यांची मला.

"जिनं जी शोधली, तिला ती."

पिवळी मिरची महाग, माझं तोंड उतरलं. "काका, एकाच पिशवीत द्यायच्या ना. आम्ही वाटून घेतल्या असत्या."

काकांनी आधी पिशव्यांकडे पाहिलं, मग आम्हां दोघींकडे.

"नको गं बाई. हिरवी-पिवळी एकत्र ठेवायची मला आता भीती वाटते."