एकाच बाजूला ओला पंचा

माघातल्या त्या सकाळी मामीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "हे गेले गं. पाखरांचं पाणी बदललंय मी, तू सावकाश ये." हडपसरहून नारायण पेठेत पोचेपर्यंत मला रडू आलं नाही, जिन्यात पाखरांची किलबिल ऐकली आणि फुटलं...

निवृत्त झाल्यावर मामाने ही बजरीगर पोपटांची जोडी आणली, हिरवा नर आणि निळी मादी. मामा होता तोवर मामीने पिंजऱ्याला कधी हात लावला नाही. घरात एक बडबड्या आहे तेवढा पुरे, असं ती मामाकडे बघून म्हणायची. ऊन वाढलं की मामा पिंजरा बाल्कनीतून मधल्या खोलीत घ्यायचा, मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवायचा आणि स्वतःचा जुना पंचा भिजवून, पिळून पिंजऱ्याच्या एकाच बाजूला टांगायचा. मी एकदा चारी बाजूंनी झाकायला गेले, तर म्हणाला, "गार हवं की नको, ते त्यांना ठरवू दे. तुला विचारलंय का त्यांनी?" असा तिरकस, आणि तितकाच मायाळू.

तेराव्यानंतर त्याचे सगळे कपडे रीतीप्रमाणे देऊन टाकले. त्यात पंचेही गेले, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. चैत्रात ऊन तापलं तेव्हा मामीकडे गेले असताना मी नवाकोरा लाल टॉवेल भिजवून टांगला. अनोळखी रंगाने पाखरं बिथरली, पिंजऱ्यावर धडका देऊन कोपऱ्यात चिकटून बसली. चोची उघड्या, पंख अंगापासून सुटलेले. टॉवेल काढला तरी धाप थांबेना. आता हीपण जातात की काय, अशी भीती वाटली.

इतका वेळ दारात उभी असलेली मामी आत गेली. उशीच्या अभ्र्यातून तिने मामाचा एक पंचा काढला, विटका, न धुतलेला. "ह्यांचा वास होता याला," एवढंच म्हणाली. क्षणभर तो चेहऱ्याशी धरला आणि नळाखाली नेला.

ओळखीचा पंचा दिसल्यावर हिरवा आधी सरकला, मग निळी. हळूहळू चोची मिटल्या... ओल्या काठाशी खेळ सुरू झाला. वास गेला असेल ना, असं मी मामीला विचारलं.

"गेला," ती पिंजऱ्याकडे बघत म्हणाली, "पण घरात बडबड राहिली."

आता रोज दुपारी मामीच पंचा भिजवते, आणि एकाच बाजूला टांगते.