तांब्यातलं ताक

कोल्हापुरात आमच्या मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, शॉकअप आणि स्टेअरिंगच्या कामाचं गॅरेज होतं. गाडी दुरुस्त झाली की ते मला मागच्या सीटवर बसवायचे, हातात ताकाचा तांब्या द्यायचे आणि कागलच्या रस्त्याला फेरी मारायचे. पळायला कुठलीही गाडी पळते, चांगली गाडी वळणावर कळते, असं त्यांचं म्हणणं. वळताना ताक एका बाजूला जाणारच. वळण संपलं की ते लगेच शांत व्हायला हवं. पुन्हा हिंदकळलं तर गाडी परत गॅरेजात. शेजारचे मेकॅनिक हसायचे. "वहिनी, ताक इकाय निघालाय काय?" हसू देत. माझं सांगणं कधी चुकलं नव्हतं.

एका सकाळी मला गडहिंग्लजची एसटी धरायची होती. बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. मी तयार होऊन निघाले, तर मालक तांब्या घेऊन उभे.

"बस मागं."

"अवो, गाडी चुकंल माझी!"

"गिऱ्हाईक दारात हाय. बस म्हणतो न्हवं!"

जीपमध्ये बसले, पण डोकं फिरलं होतं. वळण संपलं आणि ताक आणखी एकदा हललं. थोडंसंच. मागचं काहीतरी नीट बसलं नव्हतं. सांगितलं असतं तर जीप पुन्हा उघडावी लागली असती.

"कशी हाय?"

"चांगली हाय की. सोडा मला स्टँडवर."

त्याच दुपारी ती जीप वळणावर मागून घसरून उसात गेली. गिऱ्हाइकाचा हात मोडला. मी बारशाचं जेवून आले, तेव्हा मालक पायरीवर बसले होते.

"तुला मागं काय जाणवलं न्हवतं न्हवं?"

"न्हाय."

"मग कामात माझाच हात चुकला म्हणायचा."

त्यानंतर त्यांनी ते काम सोडलं. ऑइल बदलायचे, पंक्चर काढायचे. पुढे आमच्याच गाडीचे शॉकअप गेले, तर ती दुसऱ्याच्या गॅरेजात नेली आणि गिऱ्हाइकासारखे बाहेर उभे राहिले. परत येताना मागे बसून मला कळत होतं, काम कच्चं झालंय.

"मागं हलतंय," मी म्हटलं. "तुमीच बघा की एकदा."

"मला न्हाय कळत त्यातलं आता."

तेव्हा तरी खरं सांगायचं होतं. गल्लीत मी तोंडाची फटकळ. कुणालाही तोंडावर बोलते. नवऱ्यापुढे तेवढं एक वाक्य निघालं नाही. गेल्या वर्षी ते गेले. आपलाच हात चुकला असं समजून गेले.