पाठीवरचा छर्रा

आमच्या सायकल मिस्त्रीच्या अंगभर मऊ गाठी आहेत. न्यूरोफायब्रोमॅटोसिस नावाचा हा आजार संसर्गजन्य नाही हे ठाऊक असूनही मी त्याला शिवणं टाळत आलो.

त्याला दम लागू लागला, डॉक्टरांना कॅन्सरची शंका आली. एक्स-रेत बाहेरच्या गाठीही फुफ्फुसातल्या वाटतात, म्हणून प्रत्येक गाठीवर धातूची खूण हवी होती. त्यानं चिकटपट्टीनं सायकलच्या बेअरिंगचे पोलादी छर्रे लावले.

“पोळ्याचा बैल दिसतो न, भाऊ? पाठीवरचे तुम्ही लावा.”

मी लावले. एका मोठ्या गाठीला मात्र किळस येऊन हातच लावला नाही.

फोटोत एकच डाग छर्‍याविना निघाला. डॉक्टरांनी त्यावर बोट ठेवलं, “हा फुफ्फुसातला असू शकतो.” मिस्त्री सदरा काढत हसला, “एक राह्यली न तुमच्या हातून? मले तवाच समजलं. लावा आता.”

चूक माझीच निघो, अशी प्रार्थना मी आयुष्यात पहिल्यांदा केली.