पालेगाव, कॅम्प तीन आणि मधला जंजिरा

“मॅडम, आधी पालेगावचं पिकअप करा. त्यांना घेऊन मग कॅम्प तीनला आमच्या दारात या,” सुंदरसेठ फोनवर म्हणाले.

मी बरं म्हणून फोन ठेवते तोच बाळारामदादांचा आला. “ताई, आदी कॅम्प तीन करा. त्यांना गाडीत घेवून मंग पालेगावला आमच्या दारात या.”

पालेगाव आमच्या बाजूचं जुनं गाव, कॅम्प तीन ही त्यापलीकडची सिंधी वस्ती. मी अंबरनाथ पूर्वेला राहते आणि प्रायव्हेट डे ट्रिप करते. म्हणजे एक कुटुंब, एक गाडी, एक गाईड. सकाळी निघायचं, एखादा किल्ला आणि एखादा राजवाडा बघायचा आणि झोपायला आपापल्या घरी. पिकअप म्हणजे माणसांना दारातून उचलणं. आपलं पिकअप शेवटी असावं असं सगळ्यांनाच वाटतं, कारण तेवढीच झोप जास्त मिळते. मला वाटलं, इथेही तेच. दोन घरं, दोघांनाही झोप प्यारी. चिठ्ठ्या टाकून ठरवू, असं मी मनाशी म्हटलं.

संध्याकाळी प्रणालीचा फोन आला, तेव्हा खरी गोम कळली. प्रणाली ही बाळारामदादांची मुलगी. बुकिंग विकीने केलं होतं, म्हणजे सुंदरसेठच्या मुलाने. मला त्याने एवढंच सांगितलं होतं, ‘सहा जणांची फॅमिली ट्रिप, मुरूड-जंजिरा.’

“मॅडम, ती फॅमिली अजून झालेली नाही,” प्रणाली म्हणाली. “व्हायचीय.”

विकी आणि प्रणाली एकाच कॉलेजातले. लग्न करायचं दोघांचं ठरलेलं. दोन्ही घरांचा तसा कडाडून विरोध नव्हता. अडलं होतं ते उंबऱ्यावर. बाळारामदादांचं म्हणणं, मुलाकडच्यांनी आधी मुलीच्या घरी यायचं असतं, आमच्यात तशीच रीत आहे. सुंदरसेठचं म्हणणं, आमच्या घराण्यात मुलीकडचे आधी येतात, मी रिवाज मोडणार नाही. जो आधी दुसऱ्याच्या दारात जाईल त्याने गरज दाखवली, असा हिशेब. सहा महिने दोघेही आपापल्या घरी बसून होते. शेवटी पोरांनी डोकं लावलं. कुणाच्याच घरी नको, सगळे मिळून किल्ला बघायला जाऊ.

“आणि उद्या नाही जमलं तर?” मी विचारलं.

“बाबांनी पनवेलचं एक स्थळ आणलंय. उद्याचा दिवस बघतो म्हणालेत. नाही पटलं तर सोमवारी तिकडे होकार कळवणार.” मागे दार लावल्याचा आवाज आला. “मी भांडेन, मॅडम. पण आई गेल्यापासून त्यांनी आणि आत्याने मला वाढवलंय. त्यांच्याशी भांडून जायचं नाहीये मला.”

मला पोरीचं फार वाईट वाटलं. आणि विकीचा रागही आला. अशा कामाची आधी कल्पना द्यावी की नाही? मी तटबंदी, बुरूज, तोफा यांची माहिती देणारी बाई. सोयरीक जुळवणं माझ्या पॅकेजमध्ये नाही.

दोघांनाही मी सांगून टाकलं, गाडी मोठी आहे, गल्लीत वळत नाही, हायवेच्या पेट्रोल पंपावर या. गाडी व्यवस्थित वळते. पण दोन्ही वडील समाधान पावले.

पंपावर दोन कुटुंबं हवा भरायच्या मशीनच्या दोन बाजूंना उभी होती. इकडे सुंदरसेठ, त्यांच्या पत्नी पद्माभाभी आणि विकी. सेठचा जीन्स शिवायचा कारखाना आहे, त्यामुळे घरातले तिघेही नव्याकोऱ्या जीन्समध्ये, भाभींच्या जीन्सवर कुर्ता आणि ओढणी. तिकडे बाळारामदादा, त्यांची थोरली बहीण म्हणजे आत्या, आणि प्रणाली. दादा पांढऱ्या कडक कपड्यात, आत्या नऊवारीत. पोरं एकमेकांकडे बघायचं टाळत होती आणि त्यामुळेच सगळं उघड होत होतं.

सीटिंग मी ठरवते. ते गाईडचं काम आहे. कोणाला गाडी लागते, कोणाला पाय पसरायला लागतात, कोणाचं कोणाशी पटत नाही, हे बघून बसवायचं. दोन्ही वडिलांना मी एकाच रांगेत, मधल्या वाटेच्या दोन बाजूंना बसवलं. म्हटलं, बोलतील. दोघांनी माना आपापल्या खिडकीकडे फिरवल्या त्या पनवेल आलं तरी तशाच.

पनवेल सोडल्यावर पद्माभाभींनी डबा उघडला. सिंधी घरात प्रवासाला कोकी करतात. कांदा-मिरची घातलेली जाड, खमंग पोळी. त्यांनी पहिली कोकी बाळारामदादांपुढे धरली.

“माजा उपास हाय,” दादा म्हणाले.

रविवारी कसला उपास, हे कोणी विचारलं नाही. मग आत्याने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी काढली. सुंदरसेठनी पोटावर हात फिरवला. “ॲसिडिटी है. डॉक्टर मना करता है.”

पुढे पेणला गाडी थांबली तेव्हा उपासवाल्याने वडापाव खाल्ला आणि ॲसिडिटीवाल्याने मिसळ. दोघे वेगवेगळ्या टेबलांवर, पाठीला पाठ लावून. आत्या मला हळूच म्हणाली, “बगतंस ना बाय, दोन म्हातारी पोरां.” तोपर्यंत तिने कोकी मागून घेतली होती आणि पद्माभाभी सुकटीची चटणी बोटाने चाटत होत्या. बायकांचं जमल्यात जमा होतं. पण होकार द्यायचा होता वडिलांना.

राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला शिडाच्या होडीतून जातात. किल्ला समुद्रात आहे, चारी बाजूंनी पाणी. मी नेहमीप्रमाणे सांगायला सुरुवात केली. लांबून बघा, दरवाजा दिसतो का? नाही दिसणार. अगदी जवळ गेल्याशिवाय तो कळत नाही, तशीच त्याची रचना आहे. शत्रूला नेमकं कुठे जायचं तेच समजू नये म्हणून. एरवी इथे माणसं माना उंचावून दरवाजा शोधतात. आज कोणी शोधला नाही. होडी चांगलीच हलत होती आणि प्रणालीचा चेहरा पांढरा पडला होता.

रात्रभर ती झोपली नसावी. सकाळपासून काही खाल्लंही नव्हतं. तिने होडीच्या कडेवर मान टाकली आणि उलटी केली. पद्माभाभी तिच्या शेजारी होत्या. त्यांनी तिचे केस मागे धरले, पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, “मॅडम, काही आहे का तोंडात टाकायला?”

माझ्या बॅगेत अशा वेळेसाठी खडीसाखर असते. मी पुडी दिली. पद्माभाभींनी एक मोठा खडा काढला आणि प्रणालीच्या तोंडात घातला. “धीरे धीरे चूस, बेटा.”

सुंदरसेठ ताडकन उभे राहिले.

“पद्मा. ये क्या किया तूने?”

“क्या किया?”

“मिश्री दी तूने. लडकी को. सबके सामने.”

पद्माभाभींनी हातातल्या पुडीकडे बघितलं. विकीने डोळे मोठे केले. बाळारामदादा पहिल्यांदाच खिडकी नसलेल्या दिशेला, म्हणजे सुंदरसेठकडे बघायला लागले. होडीवाला ओरडला, “ओ शेठ, खाली बसा, होडी कलंडंल.”

मला काहीच कळेना. विकीने समजावलं. सिंधी लोकांत लग्न ठरलं की आधी कच्ची मिश्री होते. दोन्ही घरची माणसं जमतात आणि मुलाकडून मुलीला खडीसाखर दिली जाते. त्यानंतर ती त्यांच्या घरची. साखरपुडा वगैरे पुढे थाटात होतो, पण शब्द गेला तो तेव्हाच.

“ती उलटीवर दिली,” मी म्हटलं. “औषध म्हणून.”

“मॅडम, मिश्री मिश्री असते,” सुंदरसेठ खाली बसत म्हणाले. त्यांना घाम फुटला होता. “दोन्ही फॅमिली बसलेली. लडके की माँ ने अपने हाथ से दी. माझ्या आईने हे बघितलं असतं तर तिने इथेच नारळ फोडला असता. दी हुई मिश्री वापस नहीं होती.”

“असा कसा?” बाळारामदादा म्हणाले. “मना कोनी विचारला? पोरगी माजी हाय.”

“दादा, मला तरी कोणी विचारलं?”

त्या दिवसातलं त्यांचं हे एकमेकांशी पहिलं बोलणं. आत्या मध्ये पडली. “त्यात काय झाला? आपल्यात बी साखरंचाच पुडा देतान.”

“ताई, तू गप ऱ्हा.”

आत्या गप्प राहिली, पण पुडीतला एक खडा उचलून तिने विकीच्या हातावर ठेवला. त्याने तो आज्ञाधारकपणे तोंडात टाकला. प्रणाली बिचारी एका हाताने होडीची कड आणि दुसऱ्या हाताने पद्माभाभींचा पदर समजून त्यांची ओढणी धरून बसली होती. ती हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही.

किल्ल्यात आम्हाला वेळ मोजकाच मिळतो. ज्या होडीने आलात तिनेच परत जायचं, आणि होडीवाला थांबत नाही. त्यामुळे मी भराभर दाखवत गेले. ही भली मोठी कलाल बांगडी तोफ. हा गोड्या पाण्याचा तलाव, भर समुद्रात. सुंदरसेठ एकदम बदलून गेले होते. मिश्री गेली म्हणजे शब्द गेला, आणि दिलेल्या शब्दावर त्यांचा धंदा चालतो. आता सोयरीक मोडली तर नाक त्यांचं कापलं जाणार होतं. ते बाळारामदादांच्या मागे मागे फिरू लागले. “दादा, पायरी बघून. दादा, पाणी घेणार? दादा, ऊन लागतंय का?”

दादा फक्त “हं” म्हणत. तोफेपाशी मी खास त्यांना हाक मारली. एवढी जड तोफ इथवर कशी आणली असेल, असं विचारलं. त्यांनी वळूनही बघितलं नाही. इतकी वर्षं माणसं फिरवते आहे. ज्याला तोफही बघायची नाही, तो मनातून परत निघालेला असतो. प्रणाली तलावाच्या कडेला बसली होती, अजून गळून गेलेली. तिने मला नजरेनेच विचारलं. मी नजर चुकवली.

मुरूडला जेवताना सेठनी सुरमईचा सगळ्यात मोठा तुकडा दादांच्या ताटात वाढला. दादांनी तो बोटाने दाबून बघितला, म्हणाले, “ताजी हाय,” आणि खाल्ला. बस्स, एवढंच. मग नवाबाचा राजवाडा. तो खासगी आहे, आत जाता येत नाही. आमच्या भाषेत याला व्ह्यू स्टॉप म्हणतात. गाडी थांबवायची, लांबून बघायचं, फोटो काढायचे, पुढे निघायचं. पाच जणांनी फोटो काढले. दादा गाडीतून उतरलेच नाहीत.

परतीला पनवेलच्या पाट्या दिसू लागल्या तेव्हा प्रणालीने डोळे मिटून घेतले. मी मनात सोमवारचा विचार करत होते आणि मला माझाच राग येत होता. माझी पुडी नसती तर निदान सुंदरसेठ तरी मोकळे राहिले असते.

तळोजा गेल्यावर दादांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला.

“पंपावर नको. सरळ पालेगावला घे.”

मी मागे बघितलं. सुंदरसेठ सावरून बसले. गाडी पालेगावला दादांच्या घरासमोर थांबली. नव्या इमारतींच्या मध्ये उरलेलं बैठं घर, पुढे अंगण. दादा उतरले. सेठच्या बाजूला गेले नाहीत. वळसा घालून पद्माभाभींच्या दाराशी आले आणि स्वतः दार उघडलं.

“वयनी, उतरा. च्या घेतल्याबिगर जायाचा नाय.”

पद्माभाभींनी नवऱ्याकडे बघितलं. सुंदरसेठ म्हणाले, “जा ना. मिश्री दी है तूने.” आणि त्यांच्या आधी स्वतःच उतरले. उंबरा ओलांडताना तर ते इतक्या घाईत होते की एक बूट पायातच राहिला. आत्या आत ओरडत गेली, कोणाला तरी नारळ आणायला सांगत. प्रणाली गाडीतच बसून हुंदके देऊन रडली. विकी शेजारी बसून तिला आपला रुमाल देत होता आणि मधूनच स्वतःला लागत होता म्हणून परत घेत होता.

मी अंगणात दादांना गाठलं. माझी छाती जरा फुगली होती, खोटं कशाला बोलू.

“दादा, शेवटी खडीसाखरेने काम केलं म्हणायचं.”

“साकरंचा काय हाय,” दादा म्हणाले. “होडीत पोरगी वकत व्हती तवा ती बाय तिच्या पाटीवरनं हात फिरवत व्हती. तू तोफ दाकवलीस ना, तवा बी तिचा हात तिथंच व्हता. तलावाशी बी. पोरीची आई गेली, तवापासना असा कोनी केला नाय तिला. मी दिसभर तेवडाच बगत व्हतो.”

त्यांनी डोळे पुसले आणि पाहुण्यांच्या चपला नीट लावायला खाली वाकले.

लग्न माघात झालं. कॅम्प तीनला सुंदरसेठनी बाळारामदादांना दारापासून आतपर्यंत हाताला धरून नेलं. मला दोन्हीकडून आमंत्रण होतं, दोन्हीकडे जेवले.

कामाबद्दल एकच सांगते. इकडे बघा, तिकडे बघा, हे गाईडचं काम. मी ते बरं करते. माणूस काय बघून घरी जातो, ते मात्र पॅकेजमध्ये लिहिता येत नाही.