काकांनी जिंकलेली सभा

पोशीरपासून खालापूरपर्यंतच्या पट्ट्यात माझ्या मावशीच्या यजमानांइतका ठामपणे चुकणारा माणूस दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याइतका जीव मीही दुसऱ्या कुणाला लावला नाही. भात हा या काकांचा विषय. रस्त्याने जाताना कुणाच्या चुलीवरून वास आला की ते थांबायचे, डोळे मिटायचे आणि वाणाचं नाव जाहीर करायचे. ते हमखास चुकायचं. एकदा भिसेगावात माझ्याकडे येताना शेजारच्या दारात त्यांनी असाच निकाल दिला. आतली बाई म्हणाली, "बाबा, मी कपड्यांना खळ शिजवतेय." काका म्हणाले, "मंग खळ त्याच भाताची हाय." लग्नाला गेले की आहेर खिशात दाबून आधी पंगतीला बसायचे, भात मोकळा निघाला तरच हात खिशात जायचा. लेक मोहोपाड्याला, कारखान्याच्या कॉलनीत. तिच्याकडेसुद्धा स्वतःचे तांदूळ पिशवीत घेऊन जायचे. ती चिडायची, "आबा, आमी काय दगड शिजवतो?" "दगड बरा गं. शिजला नाय ते कळतं तरी."

रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोच्या, त्या परदेशी ज्वारीच्या भाकऱ्या थापायला लागत होत्या, त्या काळातली गोष्ट. शेतकी खात्याने भाताच्या बियाण्यावर प्रयोगशाळेत किरण सोडून एक बुटका वाण तयार केला होता आणि तो गावोगाव वाटायचं ठरलं. आमचं चार पोरांचं मंडळ, पत्रकं मी लिहायचो. हे आधी कुणाच्या ताटात तपासलं? एवढ्याशा पेंढ्यावर बैल काय खातील? जुनी बियाणी राखायची जबाबदारी कुणाची? उत्तरं मिळेपर्यंत पिशवी उघडू नका, असं मी ठणकावलं होतं. हे प्रश्न मला आजही चुकीचे वाटत नाहीत. अडचण एवढीच होती की आमच्या बाजूने दाखवायला काकांच्या गावात एकच वाण उरला होता, त्यांच्या घरचा उंच तांबडा भात. बाकीच्यांनी जुनं बियाणं केव्हाच मोडीत काढलं होतं.

पेरणीच्या तोंडावर सभा ठरली. साऱ्या गावाने नवा वाण घ्यायचा की नाही, हे तिथे ठरणार होतं. मी काकांना म्हटलं, दोन शब्द बोला. ते म्हणाले, "बोलून काय व्हतंय रं? तोंडात घातल्याबिगर मानसाला कळत नाय." आणि त्यांनी अख्ख्या गावाला जेवायला बोलावलं. शेतकी खात्याचा तरुण साहेब खिलाडू निघाला. आपला तांदूळ घेऊन आला. दोन पातेली शेजारी शेजारी शिजली, दोन्हींतलं सगळ्यांनी खाल्लं. नव्या भाताचं पातेलं निम्मं राहिलं, तांबड्याचं लोकांनी खरवडून काढलं. साहेबाने तिसऱ्यांदा तांबडाच मागून घेतला आणि तो प्रामाणिकपणे म्हणाला, "हरलो बुवा. काका, पायलीभर बियाणं द्या. केंद्रावर तपासू. टिकलं तर सरकारी यादीत घालू." मागून आवाज उठले, "आमालाबी द्या." सभा आम्ही जिंकली होती.

बोलली ती मावशी, हातातला डाव तसाच धरून. "बियानं कुठलं? तेच तर जेवलात."

एवढ्या गावाला भात कमी पडू नये म्हणून काकांनी अख्खी कणगी नेरळच्या गिरणीत भरडून आणली होती, बियाण्यासकट. साहेबाचा घास हातातच राहिला. मावशी म्हणाली, "मी इचारलं व्हतं. मला म्हनले, पावन्याला कमी पडलं तं वाणाची इज्जत जाईल."

शेवटी दसऱ्याला दाराला बांधलेल्या लोंब्या काकांनी स्टुलावर चढून सोडल्या. चिमण्यांनी शिल्लक ठेवलेल्या दाण्यांनी ओंजळही भरेना. साहेब म्हणाला, "एवढ्यात तपासणी होत नाही, काका. वाढवा. पायली झाली की या." साऱ्या गावाच्या शेतांत सरकारी बियाण्याच्या पिशव्या गेल्या, काकांच्यासुद्धा. बांधाकडेला बाजल्याएवढ्या तुकड्यात त्यांनी तांबडा लावला आणि पाखरं हाकत मोसमभर तिथेच बसले. बुटका वाण उदंड पिकला. काका तो रोज जेवायचे, कसला म्हणून निकाल न देता.

तुकडा दरसाल थोडा थोडा वाढत गेला. मावशी म्हणायची, "एक डाव मूठभर शिजवते." काका म्हणायचे, "नको गं. सायबाची पायली भरू दे." पायली भरली तेव्हा साहेबाची बदली होऊन गेली होती. काका ती डोक्यावर घेऊन कर्जतला केंद्रावर गेले. नव्या साहेबाने वर न बघता सांगितलं, "ठेवा तिथे." मी हे ऐकून पेटलो, पत्रक काढतो म्हणालो. काका म्हणाले, "काढ की. पन ठेवली नाय मी. तिथं लय उंदीर हायत." पायली परत आणून त्यांनी पेरली, आणि पुढेही पिकलं ते बियाण्यालाच राखलं.

तांबड्याचा घास त्यांनी पुन्हा कधी घेतला नाही. ते गेले, त्यांच्या बाराव्यालाही मावशीने बुटकाच शिजवला. निघताना तिने एक गाठोडं माझ्या हातात दिलं. "पेर," म्हणाली, "खाऊ नको."

भिसेगावात माझ्या नावावर कुंडीएवढीसुद्धा जमीन नव्हती. मी गाठोडं घेतलं आणि जमीन कुणाकडे मागायची याचा विचार करत स्टेशनकडे चालू लागलो.