तिसावा फॉर्म
स्टॅम्पपॅडच्या शाईचा वास आला की मला ते पोलीस ठाणं आठवतं. दुष्काळाचं वर्ष होतं. पोलिसांच्या कामाबद्दल लोकांची मतं गोळा करायला कॉलेजने मला तिथे पाठवलं होतं, आणि तीसपैकी एकच फॉर्म भरायचा राहिला होता. तेवढ्यात तलवाड्याकडची एक बाई आली. गावाचा पाण्याचा टँकर कारखान्याच्या चेअरमनच्या मोसंबीच्या बागेला का जातो, असं विचारलं म्हणून त्याच्या माणसांनी तिच्या नवऱ्याचा हात मोडला होता. हवालदाराने पेन उचललंच नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "त्या सायबाकडं जा, ते लिहून घेतेत." ती सांगत राहिली आणि मी 'समाधानी'च्या चौकोनात खुणा करत राहिलो. "समदं लिहिलं का, दादा?" "लिहिलं." तिने अंगठा उमटवला आणि हात जोडले. आठवड्याने मी ठाण्यात काम पूर्ण केल्याचा दाखला न्यायला गेलो, तर हवालदार तिला सांगत होता, "तक्रार कसली? आमचं काम चांगलं हाय म्हणून तूच अंगठा दिलाय." तिने माझ्याकडे पाहिलं. मी दाखला घेऊन निघालो. कॉलेजने तपासून परत दिलेला तो फॉर्म अजून माझ्या कपाटात आहे. ठसा अगदी ठळक आहे, फार जोर लावून दाबला होता तिने.